ट्रेन लेआउटवरचा शॉर्ट: कधी होतो ते पाहा, कुठे ते सापडेल

मॉडेल ट्रेनच्या लेआउटवर शॉर्ट झाला, म्हणजे दोन रुळांची वीज थेट एकमेकांना भिडली, कंट्रोलरचा लाल दिवा लागला आणि इंजिन जागच्या जागी थांबलं की पहिला हात बोर्डाखालच्या वायरींकडे जातो. तो आवरा. कालपर्यंत चाललेलं वायरिंग रातोरात क्वचितच बिघडतं. काल आणि आज यांच्यात काय बदललं ते आधी आठवा. नवा डबा आणला? एखादा सांधा (गाडीची वाट बदलायची जागा) बदलला? गिट्टी चिकटवली? की रुळांवर पकड ठेवून कोणी चहाला गेलं?

खालची मापं दोन रुळांच्या एचओ लेआउटची आहेत, म्हणजे १:८७ आणि रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एन स्केलमध्ये (९ मिमी) तत्त्व तेच राहतं. डीसी (रुळांतला व्होल्टेज कमी-जास्त करून गाडी चालवायची) आणि डीसीसी (रुळांतून प्रत्येक इंजिनाला डिजिटल हुकूम द्यायचा) दोन्हींत शोधायची रीत एकच आहे. जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

वीज तुटते का, हे आधी पाहा

डीसीसीच्या एचओ रुळांवर साधारण १५ व्होल्ट असतात. ५ अँपिअरचा बूस्टर (डीसीसीत रुळांना वीज देणारं यंत्र) शॉर्टमध्ये ७५ वॅटपर्यंत ढकलू शकतो आणि आपलं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. बूस्टरने वेळेवर वीज तोडली नाही, तर स्लीपर वितळतात, बोगीची चौकट वाकते आणि चाकांवर काळे खड्डे पडतात.

म्हणून लेआउट धड चालत असतानाच नाण्याची परीक्षा घेऊन ठेवा. पाच रुपयांचं पिवळं नाणं निदान २३ मिमी व्यासाचं असतं, ते दोन्ही रुळांवर आरामात टेकतं. लेआउटभर दर मीटरला नाणं क्षणभर दाबा. प्रत्येक जागी कंट्रोलरने ताबडतोब वीज तोडली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात नुसती चर्रर्र करून ठिणगी पडत राहिली, तर तिथपर्यंतची वाट फार अरुंद आहे. हिशोब सोपा आहे. ३ अँपिअरला तुटणाऱ्या बूस्टरला १५ व्होल्टवर ३ अँपिअर ओढले जायचे, तर जाऊन-येऊन सगळ्या वाटेचा रोध ५ ओहमच्या आत हवा. सैल, काळवंडलेले चार-पाच जॉइनर (दोन रूळ जोडणारे पत्र्याचे तुकडे) ओळीने आले की ती मर्यादा सहज ओलांडते. उपाय म्हणजे बोर्डाखालून १.५ स्क्वेअर मिमीची बस वायर, म्हणजे मुख्य वायर, आणि तिच्यापासून रुळांपर्यंत दर मीटरला ०.५ स्क्वेअर मिमीचे फीडर. फ्लॅटमधल्या खोलीभर लेआउटला एवढं पुरतं.

एक जुगाड मात्र टाळा. एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा १२ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय स्वस्त पडतो म्हणून डीसी लेआउटला जोडला जातो. त्याच्या दृष्टीने ८ अँपिअरचा शॉर्ट म्हणजे नेहमीचा भार, त्यामुळे तो वीज तोडतच नाही. वापरायचाच असेल तर रुळांकडे जाणाऱ्या वायरीत २ अँपिअरचा फ्यूज हवाच. त्याशिवाय त्यावर नाण्याची परीक्षाही घेऊ नका.

आणि लेआउट सुरू करताच घरातला एमसीबी पडत असेल, तर दोष रुळांवर शोधू नका. बिघाड २३० व्होल्टच्या बाजूला आहे. प्लग काढा. ट्रान्सफॉर्मर किंवा सप्लाय घरी उघडायचा नाही.

लक्षणावरून जागा

सगळी इंजिनं आणि सगळे डबे रुळांवरून उचला. बोगद्यातले विसरू नका, कारण डोळ्यांआड घसरलेला डबा हा नेहमीचा गुन्हेगार आहे. आता पॉवर द्या.

रिकाम्या रुळांवरही दिवा लाल होत असेल, तर दोष रुळांत, सांध्यांत किंवा वायरिंगमध्ये आहे. रिकामे रूळ ठीक असतील आणि गाडी ठेवल्यावरच पॉवर तुटत असेल, तर एक-एक करून ठेवत जा. एकच इंजिन किंवा डबा कुठेही ठेवला तरी शॉर्ट होतो, म्हणजे दोष त्या गाडीत. वेगवेगळ्या गाड्या एकाच जागी अडखळतात, म्हणजे दोष त्या जागेत. आणि एकच गाडी एकाच सांध्यावर अडत असेल, तर बहुधा चाकाचं माप आणि सांध्याची फट दोघंही थोडे-थोडे चुकलेले असतात. हा प्रकार सगळ्यात जास्त वेळ खातो.

सांधा एका बाजूला असताना सगळं ठीक आणि दुसऱ्या बाजूला टाकताच लाल दिवा, असं असेल तर बाकी काही बघू नका. फ्रॉगकडेच, म्हणजे सांध्यातल्या व्ही आकाराकडेच जा.

मीटर कसा वापरायचा

घरातला निऑनचा टेस्टर इथे उपयोगाचा नाही, १५ व्होल्टवर तो पेटतच नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. स्वस्तातल्या काही मॉडेलांत बझर नसतो, तेवढं दुकानात बघून घ्या.

मोजण्याआधी कंट्रोलरच्या दोन्ही वायरी रुळांपासून सोडवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. वायरी जोडलेल्या राहिल्या तर मीटर बूस्टरच्या आतलं सर्किट मोजतो. मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून आकडा पाहून ठेवा. ०.२ ते ०.५ ओहम येईल, तो पुढच्या प्रत्येक मोजणीतून वजा करायचा.

बझरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बरेच मीटर ३०-५० ओहमच्या खाली काहीही आलं की वाजतात. साधी मोटर किंवा डब्यातला दिवाही तेवढा असू शकतो. २०० ओहमच्या रेंजवर आकडा वाचा. २ ओहमच्या आत असेल तर खरा शॉर्ट, २०-३० ओहम असेल तर कुठेतरी इंजिन किंवा दिवा जोडलेला राहिला आहे.

निम्मा तोडा

रिकाम्या रुळांवर खरा शॉर्ट असल्याचं ठरलं, की आधी फुकटची चाचणी. मीटर रुळांना लावून ठेवा आणि एकेक सांधा इकडून तिकडे टाका. एखाद्या सांध्यावर आकडा एकदम उडाला, तर चोर सापडला. नाही उडाला, तर मग तोडाफोडी.

१. बस वायर लेआउटच्या मध्यावर कापा आणि तिथे दोन पोलचा स्ट्रिप कनेक्टर बसवा. नुकसान काही नाही, पुढच्या वेळी नुसता स्क्रू सैल करायचा.

२. रूळही तोडावे लागतात. लंबगोल लेआउट असेल तर बस कापूनही दोन्ही निम्मे रुळांमधून जोडलेलेच राहतात आणि मीटर दोन्हीकडे शॉर्ट दाखवतो. म्हणून दोन जागी जॉइनर मागे सरकवा. तिथे सोल्डर केलेलं असेल तर रूळ कापा.

३. दोन्ही भाग वेगवेगळे मोजा. जो वाजतो त्याचे पुन्हा दोन भाग करा. सोळा फीडर असतील तर चार खेपांत एका फीडरपर्यंत पोचता येतं. एकेक फीडर सोडवत बसलात तर सोळा वेळा वाकावं लागेल.

४. दोन्ही निम्मे वाजले तर घाबरू नका, दोन शॉर्ट आहेत. म्हणूनच एक सापडला की लगेच सगळं जोडून मोकळं होऊ नका. एकेक भाग जोडत, प्रत्येक वेळी मोजत परत या.

शेवटच्या फीडरशी काय सापडतं? बहुतेकदा लाल-काळ्याची अदलाबदल. उताणं पडून बोर्डाखालून वायरिंग करताना डावं-उजवं फिरतं. रूळ जोडण्याआधी प्रत्येक फीडरजवळ वरच्या बाजूने बारीक भोक पाडून लाल वायर नेहमी लंबगोलाच्या बाहेरच्या रुळाला, असा एकच नियम ठेवा. दुसरं कारण डोंगरासाठी वापरलेली जाळी. खिडकीला लावायची डासांची ॲल्युमिनियमची जाळी वाकवायला सोपी असते, पण तिची कापलेली टोकं फीडरच्या प्लॅस्टिकमध्ये घुसतात. जाळीजवळून जाणारी वायर हीट-श्रिंकच्या नळीतून घ्या. तिसरं म्हणजे रूळ पुसायला वापरलेली तारेची घासणी. तिचे केसासारखे तंतू सांध्याच्या फटीत अडकतात आणि मोटरच्या चुंबकाला चिकटतात. भांड्यांची घासणी भांड्यांपुरतीच राहू द्या.

सांधे: इथेच खरी मेख

फ्रॉग म्हणजे जिथे दोन वाटांचे आतले रूळ एकमेकांना भेटतात तो व्ही आकार. तिथे दोन ध्रुव काही मिलिमीटरच्या अंतरावर येतात, त्यामुळे कटकटी तिथेच जास्त.

प्लॅस्टिकच्या फ्रॉगचा सांधा, उदाहरणार्थ पेको कंपनीचा इन्सुलफ्रॉग, दिसायला निर्धोक असतो. पण फ्रॉगच्या टोकाशी दोन विरुद्ध ध्रुवांचे रूळ इतके जवळ येतात की रुंद धातूचं चाक क्षणभर दोघांवर टेकतं. गाडी वेगात असली तर कळतही नाही, सावकाश गेली की दिवा लाल. खोलीतले दिवे मालवून गाडी हळू सोडा. ठिणगी नेमकी कुठे पडते ते दिसेल. त्या दोन रुळांच्या टोकांवर ४-५ मिमी लांबीला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या. घासून जातं, काही महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं, पण यापेक्षा सोपा उपाय नाही.

धातूचा फ्रॉग, म्हणजे इलेक्ट्रोफ्रॉग, विजेच्या दृष्टीने चांगला, कारण छोटं इंजिन त्यावर अडखळत नाही. मात्र त्याचा ध्रुव सांध्याबरोबर बदलतो. त्यामुळे फ्रॉगमधून बाहेर पडणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर हवेतच, आणि वीज जिभांच्या (सांध्यात इकडून तिकडे सरकणाऱ्या रुळांच्या) टोकाकडून यायला हवी. तिथे चुकून धातूचा जॉइनर राहिला आणि पलीकडे फीडर असला, की एका दिशेला हमखास शॉर्ट. सांध्याच्या मोटरवरच्या स्विचने फ्रॉगला वीज देत असाल आणि दोन्ही दिशांना शॉर्ट होत असेल, तर त्या स्विचच्या बाहेरच्या दोन वायरी उलट्या लागल्या आहेत. अदलाबदल करा, संपलं.

सांधा बदलताना क्षणभरच दिवा मिचकावतो आणि मग सगळं ठीक चालतं, हे वेगळं दुखणं. सावकाश फिरणाऱ्या मोटरचा स्विच आधी पलटतो, पण जीभ अजून जुन्या रुळाला टेकलेली असते. तेवढ्या वेळापुरता फ्रॉग आणि रूळ भांडतात. स्विच पलटण्याची वेळ जुळवा. कायमचा इलाज हवा असेल तर जिभा फ्रॉगपासून तोडा. पेकोच्या जुन्या इलेक्ट्रोफ्रॉगच्या पोटाखाली त्यासाठी दोन बारीक जोडतारा असतात. त्या कापायच्या, आणि प्रत्येक जीभ शेजारच्या बाहेरच्या रुळाला वायरने जोडायची.

आता चाकं. एकाच आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर व्हर्नियरने मोजा. एचओत ते १४.४ मिमीच्या आसपास हवं. कमी भरलं तर चाकाची पाठ उघड्या जिभेला घासते, आणि साध्या इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये ती जीभ समोरच्या ध्रुवाची असते. चाक दोन बोटांत धरून किंचित पिळत बाहेर ओढा आणि पुन्हा मोजा. अंदाजावर जाऊ नका, ०.२ मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही पण सांध्याला कळतो.

डब्यांच्या धातूच्या चाकांत एका बाजूलाच प्लॅस्टिकची बुशी असते. धातूच्या बोगीत एक चाकजोडी उलटी बसली तर एका आसाकडून एक रूळ आणि दुसऱ्याकडून दुसरा, असे दोन्ही बोगीच्या चौकटीत भेटतात. डबा उताणा करून आधी प्रत्येक जोडीच्या दोन चाकांना मीटर लावा, मग बोगीच्या एका बाजूच्या चाकाला आणि दुसऱ्या आसाच्या समोरच्या बाजूच्या चाकाला. कुठेही वाजता कामा नये. दिव्यांच्या डब्यात आकडा येईल, पण तो २ ओहमच्या आत नसावा.

जुन्या डीसी इंजिनात डीकोडर (डीसीसीचे हुकूम ओळखून मोटर चालवणारं सर्किट) बसवण्याआधी एवढंच करा: मोटरची दोन्ही टोकं चाकांपासून आणि चासीपासून पूर्ण तुटली आहेत ना, हे मीटरने बघा. एक ब्रश जरी चासीला टेकलेला राहिला तरी डीकोडर पहिल्याच फेरीत जातो. बसवल्यावर पहिली वीज प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डीकोडरच्या सेटिंगसाठीच्या वेगळ्या रुळावर) द्या, तिथे करंट मर्यादित असतो.

तुर्भ्याचा त्रिकोण

ट्रान्स-हार्बरची लाइन ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भ्याला येते. तिथून एक फाटा सानपाडा-वाशीकडे जातो आणि दुसरा जुईनगर-नेरूळकडे. सानपाडा आणि जुईनगर हार्बर लाइनने जोडलेले आहेतच. म्हणजे झाला त्रिकोण. लेआउटवर उतरवायला झकास जागा आहे, आणि शॉर्टची खात्रीसुद्धा.

खऱ्या लोकलला याचं काही वाटत नाही. तिला वीज डोक्यावरच्या २५,००० व्होल्टच्या तारेतून मिळते, रूळ ही नुसती परतीची वाट. आपल्या लेआउटवर मात्र डावा रूळ एक ध्रुव आणि उजवा दुसरा. कागदावर त्रिकोण काढून दोन रूळ लाल आणि निळ्या पेनाने गिरवत जा. तिसऱ्या बाजूला लाल निळ्याला भिडतो. गाडी परत फिरवणाऱ्या गोल लूपचं आणि टर्नटेबलचंही हेच होतं.

त्रिकोणाची एक बाजू निवडा आणि तिच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ तोडा, म्हणजे चार फटी. डीसीसीत त्या तुकड्याला ध्रुव आपोआप उलटवणाऱ्या ऑटो-रिव्हर्सरमधून वीज द्या, डीसीत हाताने ध्रुव उलटवायच्या डीपीडीटी स्विचमधून. तुकड्याची लांबी सर्वात लांब गाडीपेक्षा जास्त हवी. धातूच्या चाकांनी दोन्ही टोकांच्या फटी एकाच वेळी ओलांडल्या, तर रिव्हर्सर एक बाजू जुळवतो तोवर दुसरी बिघडते. बारा डब्यांची लोकल एचओत जवळजवळ ३ मीटर होते, तेव्हा फ्लॅटमध्ये डबे कमी करणं हाच शहाणपणा.

फटीवर ध्रुव बदलण्याऐवजी सगळा बूस्टरच बंद पडत असेल, तर दोघांत बूस्टर जास्त चपळ ठरतो आहे. रिव्हर्सरचा तुटण्याचा आकडा बूस्टरपेक्षा खाली आणा.

हवामानाचा शॉर्ट

कापलेल्या फटी आपोआप मिटतात, हे पहिल्यांदा खरं वाटत नाही. ठाणे-नवी मुंबईच्या हवेत ते हमखास होतं. पावसाळ्यात प्लाय ओल धरून फुगतो. दिवाळीनंतर सुकून आकसतो आणि वर ठोकलेले रूळ एकमेकांकडे सरकतात. पुढे उन्हाळ्यात रूळही वाढतात. निकेल-सिल्व्हरचा २ मीटर सलग रूळ १५ अंशांच्या फरकाने साधारण अर्धा मिमी लांब होतो. बारीक करवतीने पाडलेली फट एवढ्याने भरते. म्हणून पावसाळ्यात धडधाकट असलेला लेआउट डिसेंबरात अचानक शॉर्ट झाला, किंवा सकाळी चालून मेच्या दुपारी अडला, तर वायरिंगला हात लावण्याआधी प्रत्येक फटीतून कागद सरकवून पाहा.

फट नुसती मोकळी ठेवूच नका. मुदत संपलेलं एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाडीचं असतं. फट ०.८ मिमीची करा, कार्डाची रुळापेक्षा थोडी उंच चिंधी कापून आत उभी करा, दोन घटकांचा इपॉक्सी लावा, रात्रभर सुकू द्या आणि मग बारीक कानशीने रुळाच्या आकारात घासा. घासताना बोट फिरवून बघा, जोड हाताला लागता कामा नये. नव्या बोर्डासाठी साध्या प्लायऐवजी आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांना प्रायमर मारा, ओल तिथूनच शिरते.

गिट्टीवर पाणी घातलेला फेविकॉल सोडला असेल तर तो पूर्ण सुकेपर्यंत पॉवर देऊ नका. जुलैत दोन दिवसही कमी पडतात. ओल्या गोंदातून जाणारा करंट कमी असला तरी रुळाच्या कडा हिरव्या पडतात.

येऊन-जाऊन होणारा शॉर्ट

मीटर लावला की गायब, गाडी सोडली की हजर, असा शॉर्ट पकडायला गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब वापरा. कुठल्याही ऑटो स्पेअर्सच्या दुकानात होल्डरसह मिळतो. बसच्या दोनपैकी एका वायरीत तो ओळीने जोडा. एखादं साधं इंजिन चालताना तो विझलेला किंवा मिणमिणता राहतो. शॉर्ट झाला की लख्ख पेटतो आणि करंट २ अँपिअरच्या आसपास अडवून धरतो, त्यामुळे ३ अँपिअर किंवा त्याहून मोठा बूस्टर बंद पडत नाही. छोट्या १ अँपिअरच्या डीसी कंट्रोलरला पार्किंगचा १० वॅटचा बल्ब लावा. बल्ब चांगलाच तापतो, प्लायपासून लांब, मोकळ्या हवेत टांगा. आवाजाची बरीच इंजिनं एकदम सुरू करताना तो अडथळा ठरतो, म्हणून शोध संपला की काढून ठेवा.

आता बल्ब पेटलेला असताना बोर्डाखाली हात घाला. कनेक्टर दाबा, वायरींचे जुडगे एकेक करून हलवा, घडीच्या बोर्डाच्या बिजागरीजवळची वायर वाकवून सरळ करा, वरून रुळांवर बोटाने हलका दाब देत पुढे सरका. बल्ब मिचकावला की हात तिथेच थांबवा.